अरबी समुद्राच्या गाळातली वाऱ्यावरची धूळ: दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांनी तिचा माग कसा काढायचा

उन्हाळ्याच्या तोंडावर दोना पावलाच्या धक्क्यावरून कधी कधी क्षितिज दिसेनासं होतं. धुकं नसतं, ढगही नसतात. हवेत जो पांढुरका पडदा असतो त्यात दूरवरच्या धुळीचाही वाटा असतो. अरबस्तान, इराक, इराण-मकरानचा किनारा, थरचं वाळवंट आणि सोमालिया या कोरड्या मुलखांनी अरबी समुद्र तिन्ही बाजूंनी वेढलेला आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईकरांच्या गाड्यांवर जी पांढरी भुकटी साचली, ती कराची-सौराष्ट्राकडून आलेल्या धुळीच्या वादळाची. अशी धूळ दरवर्षी समुद्रावर पडते, तळाशी जाते आणि थरावर थर चढतात. त्या थरांतून हजारो वर्षांचा वारा आणि कोरडेपणा वाचता येतो. मात्र त्याच थरात नद्यांचा गाळ, शंखशिंपल्यांचा चुना आणि माशांचे दातही असतात. त्यांतून धूळ वेगळी काढायची आणि तिचं मूळ ठरवायचं, यासाठी हा लेख आहे. तो प्रामुख्याने गोव्यात एमएस्सी किंवा पीएचडीचं काम करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं, म्हणजे बोलीभाषेत 'रेअर अर्थ', कणाचं गाव सांगतात, त्याची वाट सांगत नाहीत. कण कुठल्या खडकातून सुटला ते त्यांवरून कळतं; तो वाऱ्याने आला की नदीने, हे कळत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. थरच्या वाळूचा मोठा भाग मुळात सिंधू नदीनेच हिमालयातून आणलेला आहे. त्यामुळे थरवरून उडालेली धूळ आणि सिंधूने समुद्रात ओतलेला गाळ यांचे रेअर अर्थचे आलेख एकमेकांना इतके जवळ येतात की केवळ त्यांवरून निवाडा करणं धोक्याचं आहे. पुढची प्रत्येक पायरी ही मर्यादा मानूनच आखली आहे.

ही मूलद्रव्यं कामाची का

अणुक्रमांक ५७ लँथेनमपासून ७१ ल्युटेशियमपर्यंतची ही पंधरा मूलद्रव्यं. त्यांतल्या प्रोमेथियमला स्थिर समस्थानिक नाही, म्हणून मोजायला चौदा उरतात. सगळी बहुधा +३ भाराची असतात आणि रसायनात एकमेकांसारखी वागतात. फक्त आकार जड बाजूकडे हळूहळू लहान होत जातो. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. समुद्राच्या पाण्यात त्यांचं प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅमच्या घरात असतं. म्हणून खडक झिजला, कण वाहून गेला, समुद्रात बुडाला, तरी मूळ प्रमाण बऱ्याच अंशी टिकतं.

दोघे जण मात्र वेगळे वागतात. युरोपियम +२ होऊन फेल्डस्पारमध्ये जाऊन बसतं, त्यामुळे ग्रॅनाइटी खंडीय खडकात त्याची तूट दिसते आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ती जवळपास नसते. सिरियम ऑक्सिजन मिळाला की +४ होतं आणि लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर चिकटतं. युरोपियम खडकाबद्दल बोलतं, सिरियम बहुतेकदा पाण्याबद्दल.

जागा निवडताना

गोव्याच्या किनाऱ्यालगतचा, उथळ समुद्रमंचावरचा कोअर (तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा स्तंभ) सहज मिळतो म्हणून धुळीसाठी तोच घ्यायचा मोह टाळा. इथे मांडवी, जुवारी आणि कोकणातल्या नद्यांचा गाळ इतका असतो की धूळ त्यात हरवून जाते. खोल समुद्रातही सिंधूच्या गाळाचा अफाट पंखा पसरलेला आहे, आणि त्यावरून गढूळ पाण्याचे लोंढे उतारावर धावत येतात. म्हणून धुळीसाठी आसपासच्या तळापेक्षा उंच जागा लागते, जिथे हे लोंढे चढू शकत नाहीत. ओमानसमोरचा ओवेन रिज, म्हणजे समुद्राखालची डोंगररांग, त्याचसाठी प्रसिद्ध आहे. १९८७ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या ११७ व्या मोहिमेने सुमारे २,००० मीटर खोलीवर तिथे छिद्रं घेतली, आणि त्या गाळातून पूर्व आफ्रिका व अरबस्तानच्या कोरडेपणाचा लाखो वर्षांचा पट हाती आला.

नवी मोहीम मिळेपर्यंत वाट पाहत बसू नका. जुने कोअर आणि त्यांचे उरलेले नमुने मागून घ्या. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ पासून या समुद्रावर काम करते आहे. अर्जात कोअरचं ठिकाण, पाण्याची खोली, कुठल्या सेंटिमीटरचे किती ग्रॅम हवेत आणि त्यावर कोणत्या चाचण्या होणार, हे नेमकं लिहा.

कोअर भारताच्या उतारावरचा असेल तर पाण्याची खोली दोनदा पाहा. साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात अरबी समुद्राच्या पाण्यात प्राणवायू अत्यल्प आहे. तिथे मँगनीजचे ऑक्साइड टिकत नाहीत आणि सिरियमचा आकडा त्या परिस्थितीबद्दल सांगत असतो. त्याला धुळीचा बदल समजू नका.

तुलनेचे नमुने: इथे घाई करू नका

कोअरमधला आकडा कशाशी ताडायचा? प्रकाशित आकडे मिळतात, पण निरनिराळ्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या आकाराचे कण निरनिराळ्या पद्धतीने विरघळवलेले असतात. शक्य तितके उगमाचे नमुने स्वतः, त्याच पद्धतीने मोजा. किमान हे गट हवेत: थरची माती, सिंधूचा गाळ, अरबस्तान किंवा मकरानकडची धूळ, दख्खनच्या नद्यांचा (नर्मदा, तापी) गाळ, आणि आपल्या मांडवी-जुवारीचा गाळ.

गोव्याच्या गाळात दोन गुंते आहेत. पहिला जांभ्याचा. जांभा तयार होताना बाकीची दुर्मीळ मूलद्रव्यं पावसाबरोबर खाली झिरपतात, सिरियम मात्र +४ होऊन वरच जखडून राहतं, म्हणून जांभ्या मातीत अनेकदा सिरियमची वाढ दिसते. दुसरा खाणींचा. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतलं लोहखनिज फार जुन्या पट्टेदार लोहखडकातलं आहे. अशा खडकांत दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं एकूण कमी असतात, आणि युरोपियम बहुधा वर उचललेलं दिसतं. २०१२ मध्ये खाणी थांबेपर्यंत नदीकाठच्या धक्क्यांवरून बार्जमध्ये प्रचंड खनिज चढवलं गेलं. त्यामुळे खाडीच्या तळाचे वरचे थर 'नैसर्गिक मांडवी' म्हणून धरू नका. धरणांच्या आणि खाणींच्या वरच्या अंगाला, घाटपायथ्याशी ओढ्यांतला बारीक गाळ घ्या, आणि खाडीतला नमुना वेगळं नाव देऊन ठेवा.

हवेतली धूळही गोळा करावी. काचतंतूंच्या गाळणीत स्वतःचीच मूलद्रव्यं असतात, म्हणून सेल्युलोजची किंवा टेफ्लॉनची गाळणी वापरा. गच्ची रस्त्यापासून, बांधकामापासून आणि बंदरातल्या कोळसा-खनिजाच्या ढिगांपासून दूर हवी. वारा समुद्राकडून वाहत असेल तेव्हाच पंप चालेल अशी सोय करा. तेवढ्यानेही निर्धास्त होऊ नका. रात्रीचा जमिनीवरचा वारा इथलीच लाल धूळ समुद्रावर नेतो आणि दुपारचा खारा वारा तीच परत आणतो. म्हणून वादळाच्या दिवसांची गाळणी वेगळी ठेवा, उपग्रहचित्रं पाहा आणि हायस्प्लिट या मोफत संगणक-प्रणालीने हवा मागच्या चार-पाच दिवसांत कुठून आली ते काढा.

कोअर उघडल्यावर

कोअर उभा चिरा आणि अर्धा भाग न हात लावता जपून ठेवा. दुसऱ्या अर्ध्याचे १ ते २ सेंटिमीटरचे काप करा. नळीच्या भिंतीला घासलेला बाहेरचा थर काढून टाका. ओलं वजन, कोरडं वजन आणि आकारमान आत्ताच नोंदवा. शेवटच्या पायरीला कोरडी घनता लागणार आहे आणि नमुना एकदा सुकला की ती परत मिळत नाही.

वय ठरवण्यासाठी प्लवक फोरॅमिनिफेरांचे (चुन्याचं कवच असलेले, पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव), उदाहरणार्थ ग्लोबिजेरिनॉइडीस रुबरचे, कवच वेचून कार्बन-१४ काढतात. ही पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत चालते, त्यापुढे ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा आधार घ्यावा लागतो. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच 'जुना' असल्याने त्याची दुरुस्ती केल्याशिवाय वय लिहू नका.

धुणं: सगळ्या कामाचा कणा

मला विचाराल तर या विषयातले निम्मे वाद न धुतलेल्या गाळामुळे होतात. अख्खा गाळ विरघळवून काढलेला आलेख धुळीचा नसतो. माशांच्या दात-हाडांतलं फॉस्फेट समुद्राच्या पाण्यातून दुर्मीळ मूलद्रव्यं भरभरून शोषून घेतं, आणि मँगनीजच्या थरात सिरियम साठतं. हे बाजूला केल्याशिवाय खडकाचं गाव दिसणार नाही.

दोन-तीन ग्रॅम कोरडा गाळ घ्या. अतिशुद्ध पाण्याने तीन वेळा धुऊन मीठ घालवा. मग २५ टक्के ॲसिटिक आम्लात चुना विरघळवा. बुडबुडे थांबेपर्यंत अधूनमधून ढवळत राहा, आम्ल संपलं तर नवं घाला. घाईसाठी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, कारण क्लोराइट आणि पॅलिगोर्स्काइट ही चिकणमातीची खनिजं त्यात खराब होतात आणि पॅलिगोर्स्काइट आपल्याला पुढे साक्षीला लागणार आहे. त्यानंतर सेंद्रिय पदार्थांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घाला. उतारावरच्या काळ्या गाळात ते एकदम ओतलं तर फेस भांड्याबाहेर येतो. लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांसाठी ॲसिटिक आम्लातलं हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड. सिलिकामय कवचं फक्त गरज असेल तर सगळ्यात शेवटी काढा: २ मोलर सोडियम कार्बोनेट, ८५ अंश सेल्सिअस, ५ तास. ओमानकडच्या, भरपूर डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) असलेल्या गाळात ही पायरी लागते. गोव्यासमोर बहुधा ती टाळलेलीच बरी, कारण हे अल्कली बारीक चिकणमातीलाही थोडं कुरतडतं.

प्रत्येक पायरीनंतर सेंट्रिफ्यूज, धुणं, सुकवणं आणि वजन. निघालेली द्रावणं फेकू नका, लेबल लावून ठेवा आणि त्यांतल्या काही तरी मोजा. कोणत्या पायरीत किती निओडायमियम निघून गेलं ते कळलं, की उरलेल्या भागाबद्दल खात्रीने बोलता येतं. शेवटच्या अवशेषात फॉस्फरसही मोजा. लँथेनम आणि फॉस्फरस बरोबरीने वरखाली होत असतील, तर माशांचे दात अजून आत आहेत असं समजा.

आता आकारानुसार विभागणी. लांबून आलेली धूळ बहुतेक १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली असते, उगमाजवळ ती जाडी असते. चिकणमातीत ही मूलद्रव्यं जास्त आणि क्वार्ट्झच्या वाळूत कमी असतात, म्हणून मिश्र आकाराचे नमुने एकमेकांशी ताडता येत नाहीत. २ मायक्रॉनचा कण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो. पाणी ३० अंशांचं असेल तर पातळपणामुळे तेच अंतर साधारण साडेसहा तासांत कापलं जातं. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीतून एसी बंद पडला तर दोन काचपात्रांतला '२ मायक्रॉनखालचा' भाग वेगवेगळा निघेल. तापमान वहीत लिहा आणि वेळ त्याप्रमाणे बदला.

विरघळवणं

वाळलेला भाग अगेटच्या खलात एकजीव करा आणि ५० मिलिग्रॅम घ्या. एकजीव करणं किती महत्त्वाचं आहे ते एका हिशोबातून पाहा. मोनाझाइट या खनिजात सिरियम साधारण एक चतुर्थांश असतं. ५० मायक्रॉनचा एकच कण जेमतेम ०.६ मायक्रोग्रॅम भरतो, पण ७० पीपीएम (दशलक्षात ७० भाग) सिरियम असलेल्या ५० मिलिग्रॅम नमुन्यात तो एकटा आकडा ४-५ टक्क्यांनी वर नेऊ शकतो.

पचनासाठी घट्ट झाकणाची टेफ्लॉनची भांडी, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, सुमारे १८० अंश सेल्सिअस, ४८ तास. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, आणि त्वचेवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही पण आतलं कॅल्शियम ओढत हाडापर्यंत जातं. धूर खेचणारं कपाट, जाड हातमोजे, चेहऱ्यासमोर ढाल आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल याशिवाय बाटली उघडू नका. एकटे असताना तर कधीच नाही.

आम्ल आटवल्यावर पांढरे फ्लोराइड उरतात आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं त्यांत अडकतात. नायट्रिक आम्ल घालून पुन्हा आटवणं दोन-तीनदा करा. शेवटचं २ टक्के नायट्रिकमधलं द्रावण उजेडात धरून पाहा, तळाशी गढूळपणा दिसला तर तो नमुना मोजायला पाठवू नका. झिरकॉन हा हट्टी असतो. तो न विरघळल्यास इटर्बियम-ल्युटेशियमची बाजू खोटी खाली झुकते. शंका असेल तर काही नमुने लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून ताळा करा.

आयसीपी-एमएसवर

आयसीपी-एमएस म्हणजे अणूंना प्लाझ्मात भार देऊन त्यांना वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र. त्यावर दर दहा नमुन्यांमागे एक कोरं (नमुना नसलेलं) द्रावण, एक दुबार नमुना आणि एक प्रमाणित नमुना (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत) असावा. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे बीसीआर-२, बीएचव्हीओ-२ हे बेसॉल्ट चालतात, पण गाळासाठी सागरी चिखलाचा एमएजी-१ जास्त जवळचा.

इथला मोठा फसवा बेरियम. बेरियम १३५ ला ऑक्सिजन चिकटला की वस्तुमान १५१ होतं, नेमकं युरोपियमचं. गाळात बेरियम ८०० पीपीएम, युरोपियम १ पीपीएम आणि ऑक्साइड बनण्याचं प्रमाण फक्त ०.१ टक्का धरलं, तरी युरोपियम सुमारे १२ टक्क्यांनी जास्त दिसतं. ज्या एका आकड्यावर ग्रॅनाइट की बेसॉल्ट हे ठरवायचं, तोच बिघडतो. तशीच लबाडी प्रासिओडायमियमचा ऑक्साइड गॅडोलिनियमच्या १५७ वर आणि निओडायमियमचा टर्बियमच्या १५९ वर करतो. म्हणून त्याच दिवशी निव्वळ बेरियमचं द्रावण लावून दुरुस्ती काढा आणि सिरियम ऑक्साइडचं प्रमाण २ टक्क्यांखाली येईपर्यंत यंत्र जुळवून घ्या.

भागाकार आणि आलेख

सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं शेजारच्या विषम मूलद्रव्यांपेक्षा निसर्गात जास्त असतात, म्हणून कच्च्या आकड्यांचा आलेख करवतीसारखा दिसतो. तो सपाट करण्यासाठी प्रत्येक आकडा एका संदर्भाने भागतात. गाळासाठी ऑस्ट्रेलियातल्या जुन्या शेल खडकांची सरासरी, पास, वापरतात. खडकांशी तुलना करताना काँड्राइट उल्का.

या दोघांची सरमिसळ ही नेहमीची चूक. पासचेच आकडे घेऊ: समेरियम ५.५५, युरोपियम १.०८, गॅडोलिनियम ४.६६ पीपीएम. काँड्राइटच्या ०.२३१, ०.०८७ आणि ०.३०६ ने भागल्यावर २४.०, १२.४ आणि १५.२ येतात. युरोपियमचा अपेक्षित आकडा त्याच्या दोन शेजाऱ्यांवरून काढतात: समेरियम आणि गॅडोलिनियमच्या गुणाकाराचं वर्गमूळ १९.१. १२.४ ला १९.१ ने भागलं की ०.६५, म्हणजे खंडीय खडकाची ओळखीची तूट. तेच पासने भागलं तर उत्तर १ येणारच. एखाद्या जुन्या तक्त्यात ०.६५ आणि तुमच्या तक्त्यात १.०२ दिसलं, तर बेसॉल्ट सापडला असं म्हणण्याआधी दोघांनी कशाने भागलंय ते बघा.

सिरियम आणि युरोपियम सोडले तर रेषा गुळगुळीत असायला हवी. मध्येच टर्बियम किंवा थुलियम उसळलं असेल तर दोष प्रयोगशाळेत शोधा, निसर्गात नव्हे.

आता वाट शोधायची

इथे दुसऱ्या साक्षीदारांची गरज लागते. पहिला पॅलिगोर्स्काइट. हे तंतुमय खनिज कोरड्या हवामानातल्या मातीत बनतं. अरबस्तान आणि सोमालियाच्या धुळीत ते असतं, आणि सिंधू किंवा दख्खनच्या नद्या ते आणत नाहीत असं धरून चालता येतं. क्ष-किरण विवर्तनात ते १०.४ अँगस्ट्रॉमजवळ दिसतं, इलाइटच्या १० अँगस्ट्रॉमला अगदी खेटून. तांब्याच्या नळीवर हा फरक जेमतेम ८.५ आणि ८.८ अंशांचा आहे, म्हणून सावकाश स्कॅन घ्या आणि दोन शिखरं वेगळी करून पाहा. स्मेक्टाइट वाढलं तर दख्खनकडे, इलाइट-क्लोराइट वाढलं तर सिंधूकडे, केओलिनाइट आणि गिब्साइट आलं तर आपल्या जांभ्याकडे नजर वळवा.

दुसरा साक्षीदार निओडायमियमचे समस्थानिक. दख्खनचा बेसॉल्ट आणि कर्नाटकातले अतिप्राचीन नाइस खडक यांच्यात त्यांचं अंतर फार मोठं आहे. रेअर अर्थचा आलेख धूसर असेल तिथेही तो निकाल देऊ शकतो. तिसरा साक्षीदार कणांचा आकार: धुळीच्या जाडसर गटाचं शिखर आणि पॅलिगोर्स्काइट एकाच थरांत वाढत असतील, तर वाऱ्याची बाजू भक्कम होते. थरचं वाळवंट आणि सिंधू यांच्यातला निवाडा मात्र या तिघांनीही सहज होत नाही. तिथे कोअरची जागा, लोंढ्यांपासून उंच की खाली, हाच मोठा पुरावा.

टक्के नव्हे, ओघ

थरात धूळ २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली म्हणजे वारा जोर धरत होता असं नाही. कदाचित त्या काळात चुना कमी साचला असेल. म्हणून साचण्याचा दर, कोरडी घनता आणि धुळीचा अंश यांचा गुणाकार करा; तोच ओघ, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक जागेवर साचलेल्या धुळीचं वजन. हजार वर्षांत ४ सेंटिमीटर, घनता ०.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि धूळ २० टक्के असेल, तर ओघ हजार वर्षांत दर चौरस सेंटिमीटरला ०.४८ ग्रॅम. सुमारे २१,००० वर्षांपूर्वीच्या शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात जगातल्या अनेक समुद्रांत धुळीचा ओघ वाढला होता. तुमचा कोअर तिथवर जात असेल तर पहिली तपासणी त्याच थरांपासून करा.

निकाल लिहिताना कच्चे पीपीएम, धुण्याच्या प्रत्येक पायरीतली वजनं, प्रमाणित नमुन्याचे मोजलेले आकडे आणि बेरियमची दुरुस्ती हे सगळं तक्त्यात द्या. केवळ भागाकार केलेले आलेख छापले तर पुढच्या माणसाला तुमचे आकडे पुन्हा वापरता येत नाहीत. उरलेला धुतलेला अवशेष कोअरचं नाव आणि खोली लिहून हवाबंद कुपीत ठेवा. निओडायमियमच्या समस्थानिकांचं काम बहुतेक वेळा नंतर, दुसऱ्या प्रयोगशाळेत होतं, आणि तिथे पाठवायला त्याच अवशेषाचे निदान १०० मिलिग्रॅम शिल्लक असलेले बरे.